पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर : वैद्य आणि औषधविक्रेता यांचे कर्तव्य

पित्तनलिकेचा कर्करोग हा विरळा आढळणारा व्याधी आहे. तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास कित्येक वर्षांत असे एक-दोनच रुग्ण पाहावयास मिळतात. तथापि मुंबई वा छत्रपती संभाजीनगर येथे शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांतच कळमनुरी, सेनगाव, वसमत किंवा औंढा नागनाथ परिसरातील आपल्या घरी परततो. शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय दूर राहते आणि वैद्य व औषधांचे दुकान मात्र हाकेच्या अंतरावर असते. साहजिकच नातेवाईक प्रथम आपल्याकडे येतात आणि म्हणतात, "यकृतासाठी काहीतरी द्या." या विनंतीस काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

शस्त्रक्रियेत काय घडते

यकृताच्या मुखाशी, म्हणजे उजवी व डावी पित्तनलिका जेथे एकत्र येतात तेथे अर्बुद असल्यास यकृताचा मोठा भाग नलिकेसह काढावा लागतो आणि उरलेली नलिका लहान आतड्यास जोडली जाते. अर्बुद नलिकेच्या खालच्या टोकाशी असल्यास स्वादुपिंडाचे शिर, ग्रहणीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिका एकत्र काढतात. ही शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. पित्तनलिकेच्या तोंडाशी असणारी नैसर्गिक झडप उरत नाही आणि पित्तमार्ग थेट आतड्याशी जोडला जातो. त्यामुळे आतड्यातील जंतू वर चढण्याचा धोका रुग्णास पुढे अनेक वर्षे राहतो. उरलेले यकृत पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, परंतु त्या काळात त्याची औषधे पचविण्याची शक्ती मर्यादित असते. पुढील सर्व विवेचनाचा आधार या दोन गोष्टी आहेत.

आहार : लंघन नव्हे, पोषण

आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस, फुटाणे आणि तेलतूप वर्ज्य, असा परिपाठ घरोघरी रूढ आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णास हा परिपाठ अपायकारक ठरतो. जखम भरून येण्यास व यकृत वाढण्यास प्रथिने लागतात. केवळ गोड रसावर ठेवलेला रुग्ण क्षीण होतो. स्वादुपिंडाचा भाग काढलेल्या रुग्णास मधुमेह जडण्याचा संभव असल्याने उसाचा रस त्याला दुहेरी घातक ठरू शकतो.

संसर्जनक्रमाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. रुग्णालयाने तोंडाने आहार सुरू करण्यास सांगितल्यानंतर पेया, विलेपी, मुगाचे यूष अशा क्रमाने अग्नीचा अंदाज घेत पुढे जावे. मात्र हा क्रम लांबवू नये. त्यानंतर मऊ भात, मुगाचे वरण, ताक, मऊ भाकरी आणि चालत असल्यास अंडे वा मासे, असा आहार दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा द्यावा. दर आठवड्यास वजन करून नोंद ठेवावी.

मल तेलकट, दुर्गंधी व पाण्यावर तरंगणारा असल्यास स्निग्ध पदार्थांचे पचन होत नाही, असे समजावे. अशा वेळी औषधी घृताची योजना करू नये. रुग्णास पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल लिहून दिल्या असतील, तर त्या उपाशीपोटी न घेता पहिल्या घासाबरोबर घ्यावयाच्या असतात. ही साधी गोष्ट समजावून सांगितल्यानेही पुष्कळ रुग्णांचे वजन सावरते.

केमोथेरपीचा काळ

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना कॅपेसिटाबिन या गोळ्या दिल्या जातात. दोन आठवडे गोळ्या व एक आठवडा विश्रांती अशी आठ आवर्तने, म्हणजे सुमारे सहा महिने हा क्रम चालतो. ब्रिटनमधील ४४७ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या देण्यात आलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान ५१ महिने, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांचे ३६ महिने आढळले. सर्व रुग्ण धरून केलेल्या गणितात हा फरक सांख्यिकीय कसोटीस थोडा उणा पडला. ठरल्याप्रमाणे उपचार घेतलेल्यांच्या गणितात तो टिकला. जपानमध्ये त्याच वर्गातील दुसऱ्या औषधाच्या अभ्यासातही लाभ दिसला व तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. याची बरोबरी करणारा पुरावा आपल्या कोणत्याही कल्पाच्या बाजूने आज उपलब्ध नाही. म्हणून 'त्या उष्ण गोळ्या बंद करा' असा सल्ला आपल्या तोंडून कदापि जाऊ नये.

या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यावयाच्या असतात. तळहात-तळपायांची आग, लाली व साल निघणे हा त्यांचा परिचित उपद्रव आहे. त्यास वातरक्त समजून स्वतंत्र चिकित्सा करीत बसू नये. मृदु स्नेहाचा लेप लावून रुग्णालयास कळवावे, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. दुसरा उपद्रव अतिसाराचा. नेहमीपेक्षा चार वा अधिक जुलाब होऊ लागल्यास गोळ्या थांबवून त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. या काळात त्रिवृत, कुटकी यांसारखी रेचक द्रव्ये देणे म्हणजे संकटास निमंत्रण होय. फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने कॅपेसिटाबिनची विषारता वाढते. तेव्हा 'ताकदीच्या' गोळ्या देतानाही वेष्टनावरील घटक पाहावेत. वारफॅरिन घेणाऱ्या रुग्णात रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही ध्यानी ठेवावे.

यकृतासाठीची औषधे

यकृतविकार म्हणताच आपला हात आरोग्यवर्धिनीकडे जातो. तीत कज्जली, लोह, ताम्र व अभ्रक यांची भस्मे असून निम्मा भाग कुटकीचा आहे. ज्याचे अर्धे यकृत नुकतेच काढले आहे आणि जो रुग्ण केमोथेरपी घेत आहे, त्यास ती देणे आमच्या मते अनुचित आहे.

गुळवेलीविषयी अधिक सावध राहावयास हवे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वनस्पतीची ओळख निश्चित झालेली नाही, असे म्हटले. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मतभेद काहीही असोत, ज्या यकृताला राखीव शक्ती नाही त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

हळदीचा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहे. भाजीतील हळदीस मुळीच हरकत नाही. परंतु घनसाराच्या गोळ्या ही वेगळी वस्तू आहे. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काही गोळ्यांत शोषण वाढविण्यासाठी मिऱ्यातील पायपरीन होते. पायपरीन इतर औषधांच्या पचनातही फेरबदल करते.

थांबू नये अशी लक्षणे

थंडी वाजून ताप येणे, डोळे पुन्हा पिवळे होणे, उजव्या कुशीत वेदना या तीन लक्षणांचा समुच्चय म्हणजे पित्तमार्गाचा जंतुदाह होय. तिन्ही एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. केवळ थंडीतापही पुरेसा आहे. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप हीच तातडीची सूचना मानावी. ही अवस्था काही तासांत रक्तात पसरू शकते आणि तिला शिरेवाटे प्रतिजैविके लागतात. गावठी काढा, काविळीसाठी नाकात रस सोडणे अथवा कावीळ उतरविणे यांत गेलेली एक रात्र रुग्णाच्या जिवावर बेतते.

चरकाचार्यांनी पांडुरोगचिकित्सेत शाखाश्रित कामलेच्या वर्णनात मल तिळाच्या पिठासारखा होतो, असे नमूद केले आहे. मार्ग रुद्ध झाल्याची ही खूण आजही तितकीच उपयुक्त आहे. अशा रुग्णात मल फिका व मूत्र गडद झाल्यास जोडलेला मार्ग आकुंचला, नळी बुजली अथवा रोग उलटला, यांपैकी काहीतरी घडले आहे. येथे वैद्याचे काम निदान सुचविण्याचे व रुग्णास पाठविण्याचे आहे. सीए १९-९ या रक्ततपासणीचा आकडा वाढला म्हणून मात्र घाबरून निष्कर्ष काढू नये. पित्तमार्गात अडथळा वा दाह असतानाही तो वाढतो. सीटी स्कॅनसह सर्व विचार करण्याचे काम तज्ज्ञांचे आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे. असे फलक वा पत्रके दुकानात ठेवू नयेत. विषारी वर्गातील द्रव्ये असलेल्या कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापलेली असते, ती ग्राहकास वाचून दाखवावी. औषधामुळे इजा झाल्याची शंका आल्यास आयुष औषधांसाठी २०१८ पासून चालू असलेल्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे नोंद करावी. ही नोंद आपल्या शास्त्राच्या हिताचीच आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार, चालू गोळ्या, आपण दिलेले प्रत्येक औषध आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा व तोच कागद पुढील भेटीस तज्ज्ञांकडे पाठवावा. रुग्णाची भूक, झोप, वजन व मनाची उभारी राखण्यासाठी वैद्यास भरपूर वाव आहे. वेळीच नाही म्हणणे व वेळीच रुग्ण पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग होय.