काटा, अवधाण आणि परळची प्रयोगशाळा

पायात बाभळीचा काटा मोडला आणि टोक आतच राहिले, की पुढचे बरेचसे ठरलेले असते. संध्याकाळपर्यंत जागा लाल होऊन ठणकू लागते. दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. मग पू धरतो, आणि जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते. घरातले जाणते माणूस ती चाचपून म्हणते, ‘अवधाण आलंय. पायाला काही लागलंय का बघा.’ दुखणे पायाला आणि गाठ जांघेत, हा संबंध शरीरशास्त्राचे पुस्तक न उघडता आपल्याकडे कुणीतरी फार पूर्वीच जुळवून ठेवला आहे.

तो संबंध म्हणजेच निम्मी प्रतिकारशक्ती.

कातडी शाबूत असेपर्यंत जंतूंना आत शिरणे अवघड असते. काट्याने भोक पाडले की दुखावलेल्या पेशी रसायने सोडतात, बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि तिथे रक्ताची गर्दी होते. लाली, ऊब, सूज ही सगळी त्याच गर्दीची लक्षणे. या रक्तातून सर्वांत आधी उतरतात न्यूट्रोफिल. सीबीसीच्या कागदावर हे नाव सगळ्यांनी वाचलेले असते. निरोगी मोठ्या माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण 4 ते 11 हजार पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बहुधा याच असतात. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे 10 हजार कोटी तयार करते, कारण त्यांचे आयुष्य तास-दिवसांचे. त्या जंतू गिळतात, त्यांच्यावर जहाल रसायने ओततात, आणि काही तर स्वतःचा डीएनए बाहेर फेकून कोळ्याच्या जाळ्यासारखा जंतूंवर पसरतात. ही शेवटची करामत शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली ती थेट 2004 मध्ये. आपण नाक मुरडून पुसून टाकतो तो पू म्हणजे मुख्यतः याच पेशींची प्रेते.

पेशी जंतूंवर धावून जातात, हेही काट्यानेच कळले. 1882 मध्ये इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिनाला राहत होते. घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली होती. एकट्या मेचनिकॉफनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत बागेतल्या गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात, तर काट्याला फिरत्या पेशींचा गराडा! 1908 चे नोबेल त्यांना पाउल एर्लिच यांच्यासोबत विभागून मिळाले. एर्लिच यांचा भर रक्तातल्या प्रतिद्रव्यांवर होता. दोन्ही पक्षांत बरीच वर्षे भांडण चालले होते आणि दोन्ही पक्ष बरोबर होते.

प्रतिद्रव्यांची गोष्ट मात्र पायात घडत नाही, ती जांघेत घडते. जखमेजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात. तिथे लिम्फोसाइट पेशी वाट बघत असतात. प्रत्येकीजवळ एकाच घडणीचे कुलूप, पण घडणी कोट्यवधी. मोजक्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून शरीर ही विविधता साधते, हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना 1987 चे नोबेल मिळाले. आणलेला तुकडा ज्या कुलपाला बसतो, ती पेशी भराभर दुणावत जाते आणि ग्रंथी सुजते. अवधाण म्हणजे तिथे भरती सुरू झाल्याची खूण. या खटाटोपाला आठवडाभर तरी लागतो.

प्लेगचा जंतू नेमका हा आठवडा मिळू देत नाही. पिसवेच्या चाव्यातून शिरून तो त्याच ग्रंथीत जातो, गिळायला आलेल्या पेशींमध्ये स्वतःची प्रथिने टोचून त्यांना लुळे करतो आणि पहारेकऱ्याच्या चौकीतच संसार थाटतो. प्लेगची गाठ ती हीच. 1896 मध्ये ती मुंबईत उठू लागली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

मुंबईत तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन लस करण्यात गुंतले होते. ओडेसाला ते मेचनिकॉफचेच विद्यार्थी. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते प्लेगचे जंतू लोंबते वाढवत आणि मग उष्णतेने मारून टाकत. 10 जानेवारी 1897 रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, पण निभावले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली. न टोचलेल्या कैद्यांत 12 जणांना प्लेग झाला, 6 दगावले. टोचून घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली.

लस शरीराला बळ देते असे म्हणतात. खरे तर ती फक्त तो आठवडा आधीच उरकून ठेवते. लढाई संपली की शिकलेल्या काही पेशी मागे राहतात, त्याही चिवटपणे. 1846 मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसले की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा शिवलाही नाही. मधल्या 65 वर्षांत बेटांवर गोवर नव्हता!

करोनाच्या काळात ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांचा आणि पावडरींचा सुकाळ झाला. आल्याचा काढा घशाला बरा वाटतो, खुशाल प्यावा. पण नुसती वाढलेली प्रतिकारशक्ती हे वरदान नव्हे. तीच बेताल होऊन स्वतःच्या सांध्यांवर उलटली की त्याला आमवात म्हणतात.

आता पुन्हा त्या काट्याकडे. मातीतल्या काट्यासोबत धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात. त्यांचे विष इतके जहाल, की जीव घेण्यापुरती मात्रा प्रतिकारशक्तीला धडा शिकवायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. राष्ट्रीय लसीकरणात ती बालपणीच्या डोसांनंतर 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडी या नावाने दिली जाते, आणि पुढे दर 10 वर्षांनी एक डोस घ्यावा असा सल्ला आहे. आपला शेवटचा डोस कधी झाला, ते एकदा आठवून पाहा.