न दिसणारी धार

रस्त्याच्या कामावर जागच्या जागी गिरकी घेत खडी उचलणारा बुटका लोडर अनेकांनी पाहिला असेल. त्याचा पूर्वज अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. टर्की पक्ष्यांच्या कोठारातली घाण काढण्यासाठी सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये तीन चाकांचा लोडर बनवला. १९६० मध्ये चार चाकांचा आला.

या यंत्राचे बळ तेलाच्या दाबात असते. मोटारीच्या टायरमध्ये चौरस इंचाला ३० पौंडांच्या आसपास दाब असतो. इथे तो हजाराच्या वर जातो. यंत्र जुने झाले की रबरी सील कडक होतात, होज तडकतात, तेल झिरपू लागते. सील बदलले की काम भागले, असे मालकाला वाटते. पण सिलिंडरच्या दांड्यावर ओरखडे असतील, तर नवे सीलही लवकरच फाटते.

खरा धोका मात्र मिस्त्रीच्या हाताला असतो. होजच्या बारीक छिद्रातून निघणारी धार सहसा दिसत नाही. हाताने गळती चाचपायला गेले, की ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच, म्हणून दुर्लक्ष होते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हातही गमवावा लागतो.

जाणता मिस्त्री गळती शोधताना लांबून पुठ्ठा धरतो. नळी सोडण्याआधी इंजिन बंद करून दाब उतरवतो. उचललेल्या भुजांना टेकू दिल्याखेरीज त्यांच्याखाली जात नाही. आणि तेल टोचलेच, तर मलमपट्टीत वेळ न घालवता थेट इस्पितळ गाठावे. तेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावे.