पद्धत आणि खेळाडू

बास्केटबॉलच्या मैदानावर प्रत्येक संघाचे पाच खेळाडू असतात आणि चेंडू मात्र एकच असतो. त्यामुळे संघ आक्रमण करीत असताना कोणत्याही क्षणी पाचांपैकी किमान चौघांच्या हाती चेंडू नसतो. या चौघांनी काय करावे, हा या खेळातील मूलभूत प्रश्न होय. प्रशिक्षकाने या प्रश्नाचे विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणजे त्याची आक्रमणपद्धती. कोणी कोठे उभे राहावे, पास दिल्यावर कोणत्या दिशेने धावावे, बास्केटकडे चेंडू केव्हा फेकावा आणि केव्हा हात आवरावा, याचे नियम तिच्यात असतात. खो-खोमध्ये पाठलाग करणारा गडी वेळीच योग्य जागी बसलेल्या सोबत्याला खो देतो. गडी बाद करण्याचे काम पुढचा करतो. बास्केटबॉलमधील पासाचे महत्त्व काहीसे असेच असते.

अमेरिकेत शालेय स्तरावर नाव कमावलेला खेळाडू महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याची एक नवी परीक्षा सुरू होते. शाळेच्या संघात तो सर्वांत कुशल असतो. चेंडू बहुधा त्याच्याच हाती असतो. महाविद्यालयात त्याच्या तोडीचे आणखी चौघे असतात आणि प्रशिक्षकाची पद्धत त्याच्या येण्यापूर्वीच ठरलेली असते. या पद्धतीत शिरताना त्याचे कौशल्य फुलते की दबून जाते? मायकेल जॉर्डन आणि त्याचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे उदाहरण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवते.

बास्केटबॉलचा शोध जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये लावला. त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांच्या हाताखाली कॅन्सस विद्यापीठात स्मिथ खेळले. 1961 मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1997 मध्ये 879 विजय मिळवून निवृत्त झाले. संघाने किती गुण केले यापेक्षा, चेंडू ताब्यात आल्यानंतर प्रत्येक वेळी सरासरी किती गुण मिळाले, याकडे त्यांचे लक्ष असे. चेंडू फुकट गमावू नये, घाईने फेकू नये, चांगली संधी मिळेपर्यंत तो हातोहात फिरवावा, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. गुण करणाऱ्या खेळाडूने पास देणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचे श्रेय जाहीरपणे मान्य करावे, असा त्यांचा दंडक होता. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून स्वतःच विश्रांती मागावी, अशीही सोय त्यांनी केली होती. दमल्याची कबुली देणे हा त्यांच्या संघात कमीपणा मानला जात नसे.

1981 मध्ये जॉर्डन या संघात आला, तेव्हा जेम्स वर्दी आणि सॅम पर्किन्स हे दोन उंच व निष्णात खेळाडू बास्केटजवळ आक्रमण करण्यासाठी आधीच तयार होते. साहजिकच पहिला पास त्यांच्याकडे जाई. त्यांना रोखण्यासाठी प्रतिस्पर्धी आत गोळा झाले, की बाहेरच्या बाजूला जागा मोकळी होई. त्या जागेचा लाभ घेणे, चेंडूविना धावून बचाव विस्कळीत करणे आणि स्वतः चिवट बचाव करणे, ही नवागत जॉर्डनची कामे होती. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे 13.5 गुण होती. उंच उडी घेऊन चेंडू टाकणाऱ्या या तरुणाला आकडा मोठा करण्याची मोकळीक नव्हती. परंतु नेमके कोठे उभे राहिले असता आपला उपयोग होतो, हे तो शिकत होता.

या शिकण्याचे फळ 29 मार्च 1982 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे दिसले. राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जटाउन विद्यापीठाचा संघ 62-61 असा पुढे होता आणि अवघे 32 सेकंद उरले होते. स्मिथ यांनी टाइम-आउट घेतला. वर्दी त्या दिवशी बहरात होता. सामन्यात त्याने एकूण 28 गुण केले. त्यामुळे प्रतिस्पर्धी त्याला व पर्किन्सला घेरतील आणि जॉर्डन मोकळा राहण्याची शक्यता आहे, हे स्मिथ यांनी ओळखले. झालेही तसेच. जिमी ब्लॅकने उजवीकडून चेंडू थेट डाव्या बाजूला दिला. एकोणीस वर्षांच्या जॉर्डनने सुमारे पाच मीटरांवरून जंप शॉट घेतला आणि नॉर्थ कॅरोलिनाने 63-62 अशी आघाडी मिळवली. हीच अखेरची धावसंख्या ठरली. निर्णायक चेंडू सर्वांत अनुभवी खेळाडूकडे न जाता मोकळ्या खेळाडूकडे गेला, कारण पद्धतीचा नियमच तसा होता. ज्या नियमाने हंगामभर जॉर्डनला मर्यादेत ठेवले, त्याच नियमाने ती संधी त्याच्यापर्यंत आणून पोहोचवली.

पद्धत आणि खेळाडू यांचा मेळ एकतर्फी मात्र नसतो. वर्दी 1982 मध्येच व्यावसायिक संघात गेला. त्यानंतर आक्रमणाचा अधिक भार जॉर्डनकडे आला आणि पुढील दोन हंगामांत त्याची सरासरी 20.0 आणि 19.6 गुण झाली. जॉर्डनला वीस गुणांच्या आत रोखू शकणारा एकमेव माणूस म्हणजे डीन स्मिथ, असा विनोद पुढे रूढ झाला. त्यात तथ्य आहे, परंतु तो पूर्ण न्याय्य नाही. त्या काळी महाविद्यालयीन खेळात ठराविक सेकंदांत चेंडू फेकण्याचे सर्वत्र लागू असलेले बंधन नव्हते. ते 1985-86 पासून आले. आघाडी मिळाल्यावर स्मिथ यांचा संघ चार खेळाडूंना चार कोपऱ्यांत उभे करून चेंडू दीर्घकाळ खेळवत ठेवी. असे सामने कमी गुणांचे होत आणि सर्वांचीच सरासरी खाली येई.

तरीही पद्धतीची किंमत द्यावी लागते, हे नाकारता येत नाही. मार्च 1984 मध्ये अटलांटा येथे इंडियाना विद्यापीठाविरुद्ध पहिल्या सत्रातच जॉर्डनचे दोन फाउल झाले. फाउलांची मर्यादा संपून तो कायमचा बाद होऊ नये, म्हणून स्मिथ यांनी त्याला बराच वेळ बाहेर बसवले. देशातील अग्रगण्य मानला गेलेला हा संघ 72-68 असा हरला; जॉर्डनच्या नावावर केवळ 13 गुण होते. सावधगिरीचा नियम येथे सर्वोत्तम खेळाडूच्या आड आला. महाविद्यालयातील तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

त्यानंतर जे घडले, त्यातून स्मिथ यांच्या पद्धतीचे खरे स्वरूप कळते. जॉर्डनचे आणखी एक वर्ष शिल्लक होते आणि त्याच्या राहण्यात संघाचा उघड लाभ होता. तथापि, त्याच्या हिताचा विचार करून स्मिथ यांनी त्याला व्यावसायिक खेळाकडे जाण्याचा सल्ला दिला. शिकागो बुल्सकडून 1984-85 या पहिल्याच हंगामात त्याची सरासरी 28.2 गुणांवर गेली. अर्धवट राहिलेली पदवीही त्याने 1986 मध्ये पूर्ण केली. पुढे फिल जॅक्सन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकागोने पास आणि जागा यांवर आधारलेली त्रिकोणी आक्रमणपद्धती स्वीकारली आणि 1991 ते 1998 या काळात सहा अजिंक्यपदे मिळवली. त्या पद्धतीतही जॉर्डनला पुन्हा एकदा चौघांवर विश्वास टाकावा लागला.

पद्धतीमुळे खेळाडूचे काही गुण फलकावर लिहिले जात नाहीत. त्याच्या मोबदल्यात त्याला वाट पाहण्याची सवय, मोकळी जागा हेरणारी दृष्टी आणि सोबत्याच्या पासाची कदर या गोष्टी मिळतात. हा व्यवहार खेळाडूच्या हिताचा ठरतो की नाही, हे अखेर प्रशिक्षकावर अवलंबून असते. खेळाडूला पद्धतीत बसवताना, तो तिच्यापेक्षा मोठा केव्हा झाला हे ओळखणे आणि त्या वेळी त्याची वाट मोकळी करणे, हेही प्रशिक्षकाचेच काम होय.