कोयनानगर, जुनी नभोवाणी आणि ओळखीचा आवाज

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांवर जखमी झाली आणि धरणाच्या कामासाठी वसलेल्या या गावातील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. शिवाजीसागराच्या परिसरातील लहानमोठे धक्के त्यानंतर कायमचे थांबले, असे कधी झाले नाही. अर्धशतक उलटल्यावरही ते अधूनमधून जाणवतात. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा तेथील माणसांना आश्रयासाठी याच कोयनानगरात आणावे लागले.

त्या पावसाळ्यानंतर बोलीच्या नोंदी घेण्यासाठी प्रस्तुत लेखक या भागात गेला होता. एका वृद्ध बाईंच्या उशाशी, जुनी गाणी भरून विकतात तसले एक लहानसे यंत्र होते व त्यावर रात्री ‘गीतरामायण’ चालू असे. बातम्या लावल्या की छातीत धडधडते, यात मात्र पुढे काय येणार ते ‘ठावं’ असते, एवढेच कारण त्यांनी दिले. नोंद शब्दाची घ्यावयाची होती. परंतु विचार करावयास लावले ते त्या कारणाने.

‘गीतरामायणा’चे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर चालली. रामकथा श्रोत्यांस तोंडपाठ होती, तरीही माणसे ठरल्या वेळी नभोवाणीसंचाभोवती जमत. बातमीचे मोल तिच्या नवेपणात असते. या कार्यक्रमाचे मोल नेमके उलट, म्हणजे कथा ठाऊक असण्यात आणि वेळ ठरलेली असण्यात होते. ज्या गावाची जमीन केव्हा हलेल हे कोणी सांगू शकत नाही, तेथे अशा ठरलेपणाची किंमत अधिकच वाटली तर नवल नाही.

मात्र केवळ ठरलेपणाने भागत नाही. घड्याळही ठरल्या वेळी वाजतेच. येथे भाषेचे एक कार्य ध्यानात घ्यावे लागते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये दाखवून दिले की, पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून सोबतीचा धागा तुटू नये म्हणून असते. ‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नास कोणी प्रकृतीचा सविस्तर अहवाल देत नाही. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांत यास स्वतंत्र स्थान दिले. संकटात सापडलेल्या माणसास माहिती हवी असते हे खरे. पण ती मिळाल्यावर रात्र उरतेच. त्या रात्री त्याला हवे असते ते कोणीतरी आपल्याशी बोलत असल्याचे भान.

जुन्या मराठी नभोवाणीने हे भान फार कुशलतेने राखले. मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका पाहा. (‘पाहा’ म्हणण्याची सवय श्राव्य माध्यमाविषयी लिहितानाही सुटत नाही!) बाळ कुडतरकर, नीलम प्रभू व प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही माणसे श्रोत्यांच्या घरची होऊन गेली. नावांतील ‘पंत’, ‘वहिनी’, ‘भावजी’ हेच पुरेसे बोलके आहे: पात्राचे नाव घेताक्षणी ऐकणाराही त्या नात्यात ओढला जातो. त्यात ‘अहो’, ‘अगं’, ‘बरं का’ यांसारख्या शब्दांची भर पडली की घरातले बोलणे उभे राहते. या शब्दांना व्याकरणात फारसा मान नाही. घरात मात्र त्यांच्यावाचून एक वाक्य सरळ पार पडत नाही.

आकाशवाणीच्या संकेतधुनेचे कार्यही असेच आहे. तिच्यात एकही शब्द नाही, तरी ‘मी आहे, ऐका’ एवढे ती सांगते. तिचे कर्तृत्व वॉल्टर काउफमन यांच्याकडे दिले जाते. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून १९३४ साली मुंबईस आलेले हे ज्यू संगीतकार होते. लाखो घरांत सकाळचा धीर देणारी धुन एका निर्वासिताच्या हातची असावी, याची जाणीव मला पुष्कळ उशिरा झाली.

या साऱ्यास पळवाट म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. त्या बाईंना दरड कोठे पडली, कोण गेले, हे आपल्याहून अधिक ठाऊक होते. वेगळी एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. यंत्रात भरलेले ‘गीतरामायण’ हे १९५५ चे प्रसारण नव्हे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक होते. आज बहुधा कानी पडते ते फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील पुढील ध्वनिमुद्रण. शिवाय यंत्राला वेळ नाही, केंद्र नाही, निवेदक नाही. एक गीत संपते आणि लगेच दुसरे सुरू होते. बाईंची तक्रार नेमकी हीच होती. गाणी सगळी आहेत, पण मध्ये बोलणारी बाई कुठे गेली, असे त्यांनी मला दोनदा विचारले.