व्यावसायिक समुदाय, आंतरजालावरील

एकाच व्यवसायात, विद्याशाखेत किंवा कारागिरीत काम करणाऱ्या व्यक्तींनी परस्पर विचारविनिमयासाठी आंतरजालाच्या आधारे उभारलेले गट. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सर्व व्यवसायांतील लोकांना सामावून घेणारी मोठी व्यासपीठे येतात, उदा., लिंक्डइन. दुसऱ्या प्रकारात एका मर्यादित विषयासाठी त्या विषयाच्या जाणकारांनीच चालविलेले समुदाय येतात, उदा., संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासकांचा प्रोमेड किंवा गणितज्ञांचा मॅथओव्हरफ्लो. पहिल्या प्रकाराचा मुख्य उपयोग योग्य माणूस शोधण्यासाठी, तर दुसऱ्याचा योग्य उत्तर शोधण्यासाठी होतो. या दोन कार्यांना लागणारी रचना भिन्न असल्यामुळे एक प्रकार दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. तथापि मर्यादित समुदायांचे अस्तित्व थोड्या व्यक्तींच्या श्रमांवर आणि साठलेल्या नोंदींच्या स्वामित्वावर अवलंबून असल्याने ते अधिक नाजूक असते.

पूर्वपीठिका : समव्यावसायिकांच्या संघटनेची कल्पना प्राचीन आहे. प्राचीन भारतातील श्रेणी आपल्या सभासदांच्या कामाचे नियम ठरवीत आणि लोकांच्या ठेवीही स्वीकारीत. नासिक येथील पांडवलेण्यांतील एका कोरीव लेखानुसार क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली होती आणि तिच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या गरजा भागवावयाच्या होत्या. व्यक्ती गेल्या तरी श्रेणी टिकून राहील, हा विश्वास या व्यवस्थेच्या मुळाशी होता. यूरोपात सतराव्या शतकात विद्वानांच्या पत्रव्यवहाराला असेच संघटित रूप आले. रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग याने १६६५ मध्ये फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स हे नियतकालिक सुरू केल्यावर खाजगी पत्रांतील माहिती सर्व अभ्यासकांना कायमची उपलब्ध होऊ लागली. सभासदत्वाची मर्यादा, कामाचे नियम आणि टिकाऊ नोंद ही समुदायाची तीन अंगे आंतरजालाच्या कितीतरी आधीची आहेत.

आंतरजालावरील प्रारंभ : संगणक एकमेकांना जोडले गेल्यानंतर अल्पावधीतच एका विषयात रस असणाऱ्या सर्वांना एकच संदेश धाडण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये यूझनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते जाळे कार्यान्वित झाले. त्यावर विषयवार चर्चागट निर्माण झाले. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत येणारे नवे विद्यार्थी आरंभी चर्चेचे संकेत मोडीत; परंतु जुने सभासद त्यांना काही आठवड्यांत रीत शिकवीत. १९९३–९४ च्या सुमारास व्यापारी सेवांच्या ग्राहकांना यूझनेट खुले झाल्यावर नवागतांचा ओघ वर्षभर चालू राहिला व ही शिकवण अशक्य झाली. समुदायाचे स्वास्थ्य केवळ सभासदसंख्येवर नव्हे, तर नवागतांना सामावून घेण्याच्या वेगावर अवलंबून असते, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

मोठी व्यासपीठे : लिंक्डइनची स्थापना डिसेंबर २००२ मध्ये झाली आणि मे २००३ मध्ये ते लोकांना खुले झाले. जर्मनीत झिंग (प्रारंभी ओपनबीसी) २००३ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सु. २,६२० कोटी डॉलरना लिंक्डइन विकत घेतले. २०२३ च्या अखेरीस त्याची सभासदसंख्या १०० कोटींवर गेली होती. नोकरभरतीच्या सेवा, जाहिराती व सशुल्क सभासदत्व ही त्याच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होत.

अशा व्यासपीठांचे सामर्थ्य त्यांच्या विस्तारात आहे. १०० सभासदांच्या गटात परस्परसंबंधांच्या ४,९५० जोड्या संभवतात. सभासद १,००० झाले, तर जोड्या ४,९९,५०० होतात, म्हणजे सभासद दहापट वाढले असता संभाव्य संबंध सु. शंभरपट वाढतात. या संबंधांचे महत्त्व अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. बॉस्टननजीकच्या न्यूटन येथील नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी करता, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांपैकी बहुसंख्यांना ती जिवलग मित्रांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. निकटच्या मित्रांना बहुधा आपल्याइतकीच माहिती असते. नवी माहिती दूरच्या परिचितांकडून येते, अशी त्यांची उपपत्ती होती. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनीही ही उपपत्ती बव्हंशी उचलून धरली. मात्र अगदी क्षीण नव्हे, तर मध्यम क्षीण संबंध सर्वांत उपयुक्त ठरतात, अशी दुरुस्ती सुचविली.

परंतु जो विस्तार नोकरी शोधण्यास उपकारक ठरतो, तोच सखोल चर्चेस बाधक होतो. संमिश्र श्रोत्यांपुढे आणि संभाव्य मालकांच्या देखत कोणीही आपले अज्ञान किंवा फसलेला प्रयोग सहसा उघड करीत नाही. तेथील लेखन त्यामुळे आत्मपरिचयाकडे झुकते. कोणता मजकूर कोणाला दिसावा, हे व्यासपीठाची यंत्रणा ठरविते. तिचे निकष व्यवसायाच्या गरजांशी जुळतीलच असे नाही.

मर्यादित समुदाय : जीन लेव्ह व एत्येन वेंगर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की व्यवसायाचे ज्ञान हे मुख्यतः व्यवसाय करणाऱ्यांच्या सहवासात, प्रथम परिघावर राहून व हळूहळू केंद्राकडे सरकत मिळते. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती तंत्रज्ञांचा ज्यूलियन ऑर यांनी केलेला अभ्यास याला पूरक आहे. छापील पुस्तिकेत नसलेले दोष हे तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या हकीकतींच्या आधारे शोधून काढीत. या हकीकतींचे मोल ओळखून कंपनीने १९९० नंतरच्या दशकात ‘युरेका’ हा संगणकीय संग्रह उभारला. तंत्रज्ञाने सुचविलेला उपाय अन्य तंत्रज्ञ पडताळून पाहत आणि नंतर तो सुचविणाऱ्याच्या नावासह संग्रहात दाखल होई.

याच तत्त्वाचे व्यापक उदाहरण म्हणजे प्रोमेड. साथींच्या वार्ता जगभरच्या वैद्यांना व पशुवैद्यांना तत्काळ कळाव्यात, यासाठी ही सेवा १९९४ मध्ये ई-मेलद्वारे सुरू झाली. प्रारंभी तिचे सात देशांत केवळ ४० सभासद होते. आलेला प्रत्येक मजकूर विषयतज्ज्ञ नियंत्रक वाचतो, पडताळतो आणि स्वतःची टिप्पणी जोडून प्रसृत करतो. फेब्रुवारी २००३ मध्ये चीनमधील ग्वांगजो शहरातील अज्ञात रोगाविषयीची पृच्छा या सेवेवर प्रसिद्ध झाली; तो रोग पुढे सार्स म्हणून ओळखला गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये जेद्दा येथील विषाणुशास्त्रज्ञ अली मोहम्मद झाकी यांनी नव्या करोना विषाणूची वार्ता येथेच दिली; त्यातून मर्स या रोगाची ओळख पटली. वूहानमधील निदान न झालेल्या न्यूमोनियाविषयीची पृच्छा ३० डिसेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. अशा वार्ता आरंभी अर्धवट व अनिश्चित असतात. त्या जाणकारांपुढे येतात, तेव्हा त्यांची शहानिशा होते. सर्वसाधारण व्यासपीठावर त्यांची अफवा होण्याचा धोका असतो.

उभारणी व नियमन : विषयाची सीमा स्पष्ट असणे ही पहिली गरज होय. २००९ मध्ये सुरू झालेल्या मॅथओव्हरफ्लोने संशोधनाच्या पातळीवरील प्रश्नच स्वीकारण्याचा नियम केला; प्राथमिक प्रश्नांसाठी पुढे वेगळे व्यासपीठ निर्माण झाले. दुसरी गरज आरंभीच्या सभासदांची निवड ही होय. रिकाम्या दालनात कोणी प्रश्न विचारीत नाही. म्हणून आधीपासून परिचय असलेल्या थोड्या व्यक्तींनी नियमाने प्रश्न विचारणे व उत्तरे देणे आवश्यक असते. तिसरी गरज नियंत्रकांची. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार दर १०० सभासदांपैकी सु. ९० जण केवळ वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन एकटाच करतो. या हिशेबाने ३०० सभासदांच्या समुदायाचा भार तीन व्यक्तींवर पडतो आणि त्यांतील एक जरी निवृत्त झाली, तरी समुदाय डळमळतो. उत्तराधिकाऱ्यांची तयारी हा म्हणूनच उभारणीचा भाग मानला पाहिजे.

आर्थिक आधार व नोंदींचे स्वामित्व : मर्यादित समुदाय पुष्कळदा दुसऱ्याच्या जागेत, विनामूल्य सेवेवर उभे राहतात. अशा समुदायांना जागा देणाऱ्या निंग या कंपनीने २०१० मध्ये विनामूल्य सेवा बंद केल्यावर अनेकांना शुल्क भरणे किंवा स्थलांतर करणे भाग पडले. याहू ग्रुप्सवरील वर्षानुवर्षांचा मजकूर काढून टाकण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये पूर्णपणे बंद झाली. ज्यांनी आपल्या नोंदी वेळीच उतरवून घेतल्या नाहीत, त्यांचा संग्रह नष्ट झाला. उलटपक्षी, मॅथओव्हरफ्लो २०१३ मध्ये स्टॅक एक्स्चेंज या कंपनीच्या जाळ्यात सामील झाले, तेव्हा पुढे वेगळे होण्याची मुभा त्याने करारात राखून ठेवली.

स्वतंत्र अस्तित्व हाही संपूर्ण उपाय नव्हे. निधीच्या टंचाईमुळे प्रोमेडच्या चालकांनी २०२३ मध्ये शुल्क आकारण्याचा बेत जाहीर केला. त्यानंतर मोबदला व कारभार यांविषयीच्या असंतोषातून अनेक नियंत्रकांनी काम थांबविले. ज्या सेवेने जगाला साथींचे इशारे दिले, ती काही थोड्या तज्ज्ञांच्या सदिच्छेवर चालली होती, हे या प्रसंगाने उघड केले.

मर्यादा : मर्यादित समुदायांचे दोषही ध्यानात घेतले पाहिजेत. जुन्या सभासदांची मते प्रमाण ठरून भिन्न मत दडपले जाऊ शकते. नवख्याचा प्रश्न क्षुल्लक म्हणून झिडकारला जातो. आणि प्रवेश ओळखीनेच मिळत असेल, तर ज्यांना ओळखी नाहीत ते बाहेरच राहतात. मोठ्या व्यासपीठावर निदान प्रवेशाला अशी आडकाठी नसते.

भारत व महाराष्ट्र : लिंक्डइनच्या भारतीय सभासदांची संख्या २०२३ मध्ये १० कोटींवर गेली होती. महाराष्ट्रात व्यावसायिकांची संघटना आंतरजालाच्या आधीपासूनची आहे. पुणे येथील महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आणि त्याचे द्राक्षवृत्त हे नियतकालिक ही त्याची ठळक उदाहरणे होत. अलीकडे शेतकरी, शिक्षक, डॉक्टर इत्यादींचे व्हॉट्सॲपवरील गट मोठ्या प्रमाणावर निघाले आहेत. त्यांच्या सभासदसंख्येची मर्यादा २०१६ मध्ये २५६ होती. ती २०२२ मध्ये प्रथम ५१२ व नंतर १,०२४ झाली. हे गट आकाराने मर्यादित समुदायांसारखे असले, तरी त्यांतील संदेश केवळ कालक्रमाने साचतात. विषयवार लावले जात नाहीत. डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी एखाद्या अनुभवी बागाईतदाराने एका हंगामात दिलेले उत्तर पुढील हंगामात शोधणे त्यामुळे दुष्कर होते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. अशा गटांतील निवडक उत्तरे तज्ज्ञांकडून तपासून, विषयवार लावून, संघाच्या स्वतःच्या संग्रहात ठेवल्यास हा दोष बव्हंशी दूर होऊ शकतो.

सारांश, व्यावसायिकाला दोन्ही प्रकारांची गरज असते. अपरिचितांपर्यंत पोहोचण्यासाठी मोठे व्यासपीठ उपयोगी पडते. व्यवसायाची स्मृती मात्र समव्यावसायिकांनी स्वतः निवडलेल्या, सांभाळलेल्या व स्वतःच्या स्वामित्वाखाली ठेवलेल्या नोंदींतच सुरक्षित राहू शकते.