मेकेलची पिशवी

नुकतेच चालू लागलेले मूल दिवसेंदिवस निस्तेज होत गेले, हिमोग्लोबिन उतरले, आणि पोटदुखीची तक्रार मात्र कधीच नसली, तर आतड्यात रक्त गुप्तपणे झिरपत असेल, ही शंका वैद्याने घेतलीच पाहिजे. विष्ठेतील अदृश्य रक्ताच्या परीक्षेचे महत्त्व बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी विसाव्या शतकारंभी प्रस्थापित केले. परंतु ती परीक्षा रक्ताचा दाखला देते, उगमाचा नव्हे. हाले येथील योहान फ्रीडरिख मेकेल यांनी लहान आतड्याच्या ज्या पिशवीचे, गर्भावस्थेतील नलिकेचा अवशेष म्हणून, १८०९ साली विवरण केले, ती शंभरांत सुमारे दोघांना असते; तिच्यात कधी जठराचे अस्तर वाढते आणि त्याच्या आम्लाने शेजारी व्रण पडून रक्त झिरपते. हे अस्तर शिरेतून दिलेले किरणोत्सर्गी टेक्नेशियम शोषते, म्हणून छायाचित्रात जठराबरोबर अशी पिशवीही उजळते. अस्तर नसलेली पिशवी मात्र अंधारातच राहते.