न दिसणाऱ्याचा पुरावा

जे डोळ्यांना दिसत नाही ते मानू नये, असे विज्ञाननिष्ठ मंडळी एकीकडे सांगतात. आणि दुसरीकडे कृष्णविवरासारख्या मुळातच अदृश्य वस्तूवर निःशंक विश्वास ठेवतात, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. चमत्कारांचे समर्थन करणाऱ्यांच्या हाती तर ते हुकमी अस्त्रच आहे. शास्त्रज्ञाने अदृश्य विवर मानावे आणि भाविकाने अदृश्य शक्ती मानू नये, हा कोठला न्याय? वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर ‘पुस्तकात तसे दिले आहे’ एवढे उत्तर पुरणार नाही. ते उत्तर देणारा शिक्षक नकळत आक्षेपकाचेच म्हणणे मान्य करीत असतो.

वस्तुतः ‘दिसेल तेवढेच खरे’ ही भूमिका विज्ञानाची नव्हे, ती चार्वाकांची. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण ते मानीत नसत. त्यावर नैयायिकांचे उत्तर प्रसिद्धच आहे. डोंगरावर धूर दिसला, तर अग्नी न दिसताही तो तेथे आहे असे अनुमान करणे युक्त ठरते. कारण धूर आणि अग्नी यांचे साहचर्य अनेकवार पारखलेले असते. व्यवहारही याच रीतीने चालतो. काळा पैसा कोणत्याही विवरणपत्रात दिसत नाही. जाहीर केलेले उत्पन्न आणि उघड होणारा खर्च यांचा मेळ बसेनासा झाला की तो ओळखू येतो.

कृष्णविवराचा माग असाच लागला. प्रकाशालाही निसटता येणार नाही इतके प्रचंड तारे विश्वात असू शकतील, असा तर्क जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८३ साली मांडला. असा तारा दिसणार नाही. परंतु त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या गतीवरून त्याचा पत्ता लागू शकेल, हेही त्याने सुचविले. दोनशेहून अधिक वर्षांनी नेमके तसेच घडले. राइनहार्ट गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांच्या दोन स्वतंत्र पथकांनी आकाशगंगेच्या केंद्राजवळील तारे वर्षानुवर्षे न्याहाळले. त्यांतील ‘एस-२’ हा तारा सुमारे सोळा वर्षांत एका रित्या भासणाऱ्या बिंदूभोवती प्रदक्षिणा पुरी करतो. २०१८ साली तो त्या बिंदूच्या सर्वांत निकट आला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक होता. या कक्षेचे गणित मांडले असता मध्यभागी सुमारे चाळीस लाख सूर्यांएवढे वस्तुमान असले पाहिजे असे निघते. या कार्याला २०२० चे नोबेल पारितोषिक लाभले.

येथे चिकित्सक वाचक विचारील, की अनुमान चुकत नाही काय? चुकते, आणि विज्ञानाचा इतिहास ते लपवीत नाही. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले आणि १८४६ साली तेथेच नेपच्यून सापडला. त्याच रीतीने बुधाच्या गतीतील विसंगतीवरून त्याने १८५९ साली सूर्याजवळ आणखी एक वस्तू असावी असे अनुमान केले. तिला व्हल्कन हे नावही मिळाले. परंतु ती कधीच सापडली नाही. अखेर १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने उलगडा केला, की दोष न्यूटनच्या नियमात होता, अज्ञात ग्रहाची गरजच नव्हती. अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. ‘एचआर ६८१९’ या ताऱ्यापाशी पृथ्वीला सर्वांत जवळचे कृष्णविवर असल्याचे २०२० साली जाहीर झाले. पुढील निरीक्षणांनंतर २०२२ साली तेथे विवर नसून दोन तारेच असल्याचे निष्पन्न झाले. धुक्यालाच धूर समजले गेले होते!

मग चाळीस लाख सूर्यांचे ते विवर का मानावे? कारण त्याच्या बाजूने साक्षीदार एकटा नाही. ताऱ्याच्या गतीवरून काढलेले वस्तुमान खरे असेल, तर विवराच्या छायेभोवतीचे तेजोवलय आकाशात केवढे दिसावे, हे गणिताने आधीच ठरले होते. पृथ्वीवर दूरदूर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले ते वलय २०२२ साली जाहीर झाले, तेव्हा त्याचा आकार जुळला. जुळला नसता, तर सिद्धान्त अडचणीत आला असता. तिसरी साक्ष निराळ्याच जातीची आहे. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन उपकरणांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदविल्या. धक्का बसलेले विवर घंटेसारखे निनादेल आणि तो निनाद झपाट्याने विरेल, हे भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच दाखविले होते. नोंदविलेल्या लहरींचा शेवट त्याच्याशी सुसंगत निघाला.

अर्थात विश्वासालाही मर्यादा हवी. वृत्तपत्रांतून गाजलेले ते ‘छायाचित्र’ विवराचे नसून त्याच्या छायेचे आहे, आणि तेही गणिताने जुळविलेले. विवराच्या अंतर्भागात काय घडते, याविषयी सिद्धान्त आहेत, पुरावा नाही. जेवढा पुरावा तेवढाच विश्वास, हीच येथे शिस्त.

आक्षेपकाला उत्तर मिळते ते याच शिस्तीत. आपला दावा कोणत्या निरीक्षणाने खोटा ठरेल, हे शास्त्रज्ञाने आधी सांगावे लागते आणि तो खोटा ठरला तर चारचौघांत मागेही घ्यावा लागतो. अदृश्य शक्तीचा दावा करणारा अशी अट पत्करतो काय? नवस फळला तर शक्तीचा प्रभाव आणि न फळला तर भक्तीतली उणीव, असे जेथे आहे तेथे पारख करण्यास जागाच उरत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. हा पैसा करदात्याचा आहे, आणि ‘न दिसणाऱ्या वस्तूसाठी एवढा खर्च का?’ हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी त्याला कळेल अशा मराठीत दिले पाहिजे. आणि शिक्षकांनीही कृष्णविवराची व्याख्या घोकून घेण्याऐवजी ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. ती सवय लागलेला विद्यार्थी उद्या कृष्णविवराचा पुरावा मागेल, तसाच बुवाचाही मागेल.